ऐकून घेणारा माणूस

खामगावच्या शाखेत माझी बदली झाली ती १९९१ च्या पावसाळ्यात. ऑर्डर हातात पडली तेव्हा नातेवाइकांनी दोनच गोष्टी सांगितल्या : तिथला उन्हाळा सोसवणार नाही आणि तिथली चांदी घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. दोन्ही खऱ्या निघाल्या. बिऱ्हाड पुण्यात, मी खामगावात एकटा. रात्री खानावळीतून खोलीवर आलं की वेळ खायला उठे. लिहिण्याचा नाद होता, पण दिवसभर व्हाउचरांवर सह्या केल्यावर हात पुन्हा पेन धरायला राजी नसे. मग उशाशी ट्रान्झिस्टर घ्यायचा आणि शॉर्टवेव्हवर काटा फिरवत बसायचं. कधी मॉस्को, कधी कोलंबो, कधी नुसतीच खरखर.

अशाच एका रात्री बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर एक आवाज लागला. निवेदकाचा म्हणावा असा तो आवाजच नव्हता. संथ, जरासा थकलेला, शेजारच्या खाटेवर पडल्या पडल्या कुणी बोलावं तसा. लावलेली गाणी तर विचारू नका. आधी आफ्रिकेतल्या गिटारी, मग पत्र्यावर दगड मारावेत तसा गोंगाट, मग जमैकाचं काहीतरी डुलत डुलत चालणारं. कुमार गंधर्व आणि किशोरीताई यांच्यावर कान पोसलेला माझ्यासारखा माणूस त्या संगीतात रमणं शक्य नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात त्याच वेळी मी तेच स्टेशन शोधत होतो. गाण्यांसाठी नाही, त्या माणसासाठी. त्याचं नाव जॉन पील.

पील २५ ऑक्टोबर २००४ रोजी पेरू देशातल्या कुस्को गावी हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. आज त्याच्याविषयी लिहायला बसलो याचं निमित्त म्हणजे एक गाणं. त्याच्याच कार्यक्रमासाठी १९९२ साली ‘द फॉल’ नावाच्या इंग्लिश रॉक बँडनं ध्वनिमुद्रित केलेलं ‘किंबल’. मूळ गाणं जमैकाच्या ली पेरीचं. माझ्या मुलानं ते मोबाइलवर ऐकवलं आणि खामगावची ती खोली तर आठवलीच, पण विसरायचं ठरवलेलं आणखीही एक काही आठवलं. ते शेवटी सांगतो. आधी पीलविषयी.

त्याचं खरं नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९ चा, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉल गावचा. वडील लिव्हरपूलमध्ये कापसाचे व्यापारी. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. कारण खामगावची ओळख चांदीच्या आधी कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आले. जलंबहून निघालेला तो इवलासा फाटा कापसाच्या गाठींसाठीच टाकलेला. म्हणजे मी ज्या गावात बसून हा आवाज ऐकत होतो आणि तो आवाज ज्या घरातून आला होता, त्या दोहोंमध्ये एक जुना धागा होता. अक्षरशः धागाच.

मुलाचं शिक्षण श्रूजबरीच्या निवासी शाळेत झालं. अभ्यासात लक्ष बेताचं. कुणाला ऐकवणार नाहीत अशा रेकॉर्डींवर या मुलाचं विलक्षण प्रेम आहे, याची नोंद त्याच्या हाउसमास्तरांनी त्याच्या प्रगतिपुस्तकात करून ठेवली होती. मास्तरांची भविष्यवाणी अशी क्वचितच खरी ठरते. सक्तीची लष्करी सेवा त्यानं तोफखान्यात रडारवर बसून काढली. मग काही दिवस रॉचडेलच्या एका गिरणीत काम केलं. बँकेत किंवा सहकार खात्यात नोकरी केलेल्यांना रॉचडेल हे नाव वेगळं सांगायला नको. १८४४ साली तिथल्या विणकऱ्यांनी थेंबे थेंबे भांडवल जमवून दुकान काढलं, त्या दुकानापासूनच आमच्या प्रशिक्षणातलं सहकाराचं पहिलं प्रकरण सुरू होई.

१९६० साली वडिलांनी त्याला ओळखीच्या कापूसवाल्याकडे अमेरिकेला, डॅलसला धाडलं. तिथं त्यानं विमा कंपनीतही नोकरी केली. त्याच डॅलसमध्ये १९६३ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. तेव्हा हा पठ्ठ्या लिव्हरपूलच्या वर्तमानपत्राचा बातमीदार असल्याची थाप मारून ऑस्वाल्डला ज्या खोलीत पत्रकारांपुढे उभं केलं त्या खोलीत घुसला. त्या वेळच्या चित्रफितीत तो दिसतोही. पुढच्याच वर्षी बीटल्सनी अमेरिकेला वेड लावलं. लिव्हरपूलकडचा माणूस म्हणजे बीटल्सचा जाणकारच असणार, या हिशेबानं स्थानिक रेडिओनं त्याला बोलवून घेतलं. पुढे ओक्लाहोमा आणि कॅलिफोर्नियातली स्टेशनं करून तो १९६७ साली मायदेशी परतला.

तेव्हा ब्रिटनमध्ये एक गंमत चालू होती. बीबीसी तरुणांची गाणी पुरेशी लावत नसे, म्हणून काही मंडळींनी किनाऱ्यापासून दूर समुद्रात जहाजं नांगरून तिथून रेडिओ सुरू केले होते. त्यांतल्या ‘रेडिओ लंडन’च्या जहाजावर याला मध्यरात्रीची पाळी मिळाली. पील हे नाव तिथलंच, कचेरीतल्या एका सेक्रेटरीबाईंनी सुचवलेलं. मध्यरात्री साहेबमंडळी झोपलेली असत. तेव्हा यानं जाहिराती आणि ठरलेली यादी बाजूला सारून मनाला येईल ते लावायला सुरुवात केली. सरकारनं कायदा केला आणि १४ ऑगस्ट १९६७ ला ते जहाज गप्प झालं. ३० सप्टेंबरला बीबीसीनं स्वतःचं ‘रेडिओ वन’ काढलं आणि जहाजांवरच्याच बऱ्याच जणांना नोकरीवर घेतलं. पील त्यांत होता. तो तिथं मरेपर्यंत, म्हणजे ३७ वर्षं टिकला. पहिल्या तुकडीतलं दुसरं कुणीही इतकं टिकलं नाही.

आता जरा नियमांकडे वळू. मी बँकेतला माणूस. परिपत्रक दिसलं की मला थांबावंसं वाटतं. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची युनियन यांच्याशी झालेल्या करारामुळे बीबीसीला तयार रेकॉर्डी दिवसातले ठरावीक तासच वाजवता येत. याला ‘नीडल टाइम’ म्हणत. सुई रेकॉर्डीवर टेकण्याचा वेळ. कारण सरळ होतं. रेडिओवर दिवसभर रेकॉर्डीच वाजल्या तर जिवंत वादकानं खायचं काय? मग उरलेला वेळ भरायला बीबीसीनं वादकांना स्टुडिओत बोलवायचं, युनियनच्या दरानं मानधन द्यायचं आणि गाणी खास आपल्यासाठी मुद्रित करून घ्यायची. यालाच ‘सेशन’ म्हणत. बहुतेक अधिकाऱ्यांच्या लेखी ही अडचण होती. पील आणि त्याचा निर्माता जॉन वॉल्टर्स यांनी त्या अडचणीची वाट केली.

नियम म्हणत होता, वादक बोलवा. कोणते, ते नियमात नव्हतं. मग यांनी ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही अशी पोरं बोलवायला सुरुवात केली. टपालानं कॅसेटींचा ढीग येई. पील त्या गाडीत ऐके, घरी ऐके, जेवताना ऐके. आवडलं की बोलावणं जाई. पश्चिम लंडनमधल्या मेडा व्हेलला बीबीसीचे स्टुडिओ होते. इमारत मुळात १९०९ सालची, चाकाच्या बुटांवर घसरण्यासाठी बांधलेली. सकाळी पोरांनी व्हॅनमधून वाद्यं उतरवायची, दिवसभरात साधारण चार गाणी मुद्रित करायची, रात्री उशिरा मिश्रण उरकून पैसे घेऊन घरी जायचं. चुका दुरुस्त करायला वेळ नाही, त्यामुळे गाण्याला ताजेपणा. आणि कोणती चार गाणी करायची ते पोरांनीच ठरवायचं. पील सहसा स्टुडिओत फिरकतही नसे. तोही इतरांसारखा तयार टेप ऐके. अशी ४,००० हून जास्त सेशन्स त्याच्या कार्यक्रमांसाठी झाली. बँड आणि कलावंत २,००० हून जास्त. हेंड्रिक्स, पिंक फ्लॉइड, बोवी ही नावं त्यात आहेतच. पण जी नावं पुढं कुणाच्या कानावरही पडली नाहीत ती कितीतरी अधिक.

१९८८ साली नीडल टाइमचं बंधन उठलं. आता सेशन्सची सक्ती उरली नव्हती. पीलनं ती चालूच ठेवली. मला वाटतं, या माणसाचं मोठेपण इथं दिसतं. नियमानं बांधलेला माणूस चांगलं काम करतो ते आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिलं. नियम सुटल्यावरही तेच काम करत राहणारे फार थोडे.

आपल्याकडेही याचं उदाहरण आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमा आणि बाबूजी यांची नावं घराघरांत पोचली आणि ते योग्यच झालं. पण त्यामागं सीताकांत लाड नावाचे एक कार्यक्रम अधिकारी होते, त्यांनी गदिमांकडे मागणी केली म्हणून ते घडलं, हे किती जणांना ठाऊक असतं? मागणाऱ्याचं नाव मागंच राहतं.

आता जमैकाकडे. तिथल्या गरीब वस्त्यांतून १९६८ च्या सुमारास ‘रेगे’ आकाराला आलं. त्यात गिटारचा ठोका आपण जिथं टाळी देऊ तिथं न पडता मधल्या रिकाम्या जागेत पडतो आणि बास मात्र जमिनीतून आल्यासारखा घुमतो. इंग्लंडमध्ये जमैकन माणसं पुष्कळ होती, पण दिवसाच्या रेडिओवर त्यांच्या गाण्याला जागा क्वचित. पीलनं रात्री ती जागा दिली. बॉब मार्लेच्या ‘वेलर्स’नी १९७३ साली त्याच्या कार्यक्रमासाठी सेशन केलं, तेव्हा मार्लेला जग अजून ओळखायचं होतं. पुढं पंकवाल्या गोऱ्या पोरांच्या आरडाओरड्याला लागूनच पील रेगेची रेकॉर्ड लावू लागला. ते दिवस साधे नव्हते. काळ्या आणि आपल्या लोकांना देशाबाहेर काढा म्हणणारा नॅशनल फ्रंट रस्त्यावर उतरला होता. २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉल या पंजाबी वस्तीत त्याच्याविरुद्ध निदर्शनं झाली. पोलिसांच्या कारवाईत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला आणि ‘मिस्टी इन रूट्स’ या तिथल्याच रेगे बँडचा व्यवस्थापक गंभीर जखमी झाला. त्या मिस्टी इन रूट्सचा पील हा सर्वांत मोठा पुरस्कर्ता. त्यानं भाषण केलं नाही. दोन तऱ्हेची गाणी शेजारी शेजारी लावली आणि ऐकणाऱ्यांच्या कानांना शेजाराची सवय केली.

त्याचा सर्वांत लाडका बँड मात्र ‘द फॉल’. मँचेस्टरकडचा, १९७६ चा. त्याचा प्रमुख मार्क ई. स्मिथ आधी गोदीच्या कचेरीत कारकून होता. स्मिथ गात नसे. तो बोलत, कुरकुरत, दटावत असे. वादकांशी त्याचं पटेना. ४० वर्षांत ६० च्या वर माणसं त्या बँडमध्ये येऊन गेली. अशा या बँडला पीलनं १९७८ ते २००४ पर्यंत २४ वेळा सेशनला बोलावलं. हा बँड दर वेळी निराळा असतो आणि तरी दर वेळी तोच असतो, अशा अर्थाचं कारण तो देई. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मालकंस तोच, बैठक निराळी.

१९९२ च्या आरंभीच्या सेशनमध्ये स्मिथ आणि मंडळींनी चार गाण्यांत एक ‘किंबल’ घेतलं. ली पेरी हा किंग्स्टनचा अवलिया संगीतकार. दुसऱ्याच्या स्टुडिओत राबून पदरी काही पडत नाही म्हणून भांडून बाहेर पडलेला. १९६८ साली त्यानं जुना मालक जो गिब्जला टोमणे मारणारं गाणं काढलं, गिब्जनं त्याच चालीवर उलट गाणं काढलं. आपल्या तमाशातला सवाल-जवाबच म्हणा ना! (या दोन गाण्यांचं मिश्रण करून ‘द फॉल’नं १९९३ साली एक रेकॉर्डही काढली.) ‘किंबल’ त्याच काळातलं. नाव घेतलंय ‘द फ्युजिटिव्ह’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या डॉक्टर किंबलवरून. न केलेल्या खुनाची शिक्षा झालेला आणि गावोगाव पळत फिरणारा तो डॉक्टर. म्हणजे अमेरिकन नाटकातलं नाव जमैकाच्या गाण्यात शिरलं आणि २४ वर्षांनी मँचेस्टरच्या माजी कारकुनाच्या तोंडी आलं.

मी ते ऐकलं. स्टीव्ह हॅन्लीचा बास पुढं आणि त्यावर स्मिथची ती तिरकस बोली. जमैकन होण्याचा आव नाही, की मूळ गाण्याची टिंगल नाही. शेजाऱ्याच्या अंगणातली वस्तू हक्कानं उचलून आणावी, तसं. असलं गाणं कोणत्या कंपनीनं आधी मंजूर केलं असतं? विकणार कुणाला? पण मेडा व्हेलला कुणी विचारतच नव्हतं. पुढं १९९३ साली ‘स्ट्रेंज फ्रूट’नं, म्हणजे पीलची सेशन्स रेकॉर्डरूपात काढायला निघालेल्या कंपनीनंच, ते प्रसिद्ध केलं.

पीलची आरती ओवाळण्यासाठी हे लिहीत नाही. अमेरिकेत १९६५ साली त्यानं पहिलं लग्न केलं ती मुलगी फक्त १५ वर्षांची होती. तिचं खरं वय ठाऊक नव्हतं असं तो पुढं सांगे. त्यानं मुलीच्या वाट्याला आलेलं काही बदलत नाही. ते लग्न टिकलं नाही. २०१२ साली बीबीसीनं आपल्या इमारतीच्या एका भागाला त्याचं नाव दिलं तेव्हा त्या अमेरिकेतल्या दिवसांवरून आक्षेप घेतले गेले. ते घेणाऱ्यांना खोटं ठरवता येत नाही. माणसाचा चांगला कान हे त्याच्या सगळ्या वागण्याचं प्रमाणपत्र नसतं.

१९७४ साली त्यानं शीलाशी लग्न केलं आणि सफकमधल्या खेड्यात घर केलं. चार मुलं झाली. लिव्हरपूलच्या फुटबॉलचं वेड इतकं, की मुलांच्या नावांतही त्या संघाच्या मैदानाची आणि माणसांची नावं गुंफली. घरात २६,००० एलपी आणि ४०,००० छोट्या रेकॉर्डी. त्यांची नोंद त्यानं कार्डांवर टाइप करून ठेवली होती. आमच्या जुन्या लेजरकीपरांना तो माणूस आपला वाटला असता. कार्यक्रमात मात्र कधी रेकॉर्ड चुकीच्या वेगानं लागे, मग माफी मागून पुन्हा पहिल्यापासून. आयर्लंडच्या डेरी गावातल्या ‘अंडरटोन्स’ या पोरांचं ‘टीनेज किक्स’ त्याला १९७८ साली इतकं आवडलं, की त्यानं ते लागोपाठ दोनदा लावलं. त्याच गाण्यातले शब्द त्याच्या थडग्यावर कोरलेले आहेत.

आता ते राहिलेलं. खामगावला, बहुधा १९९३ च्या उन्हाळ्याआधी, जवळच्या खेड्यातला एक तरुण माझ्या टेबलापाशी आला. त्याची बँड पार्टी होती, लग्नात वाजवणारी. वाद्यं भाड्याची, निम्मी कमाई भाड्यात जाई. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल आणि एक कॅसिओ घ्यायला त्याला ३० हजारांचं कर्ज हवं होतं. तारण नाही, जामीनदार नाही, उत्पन्न लग्नसराईपुरतं. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, की उद्या सगळी पोरं शाखेच्या मागच्या अंगणात आणतो, दहा मिनिटं ऐका आणि मग काय ते ठरवा. टेबलाभोवतीचे सहकारी हसले. मीही हसलो. अर्जावर ‘नामंजूर’ लिहिलं आणि सही केली. वर्षभरात माझी बदली झाली. त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही.

आणि रात्री खोलीवर जाऊन मी पील ऐकला असणार. कुठल्या तरी गावातल्या पोरांनी पाठवलेलं कच्चं वाजवणं तो हजारो मैलांवरून मला ऐकवत असणार आणि मी त्याच्या उदारपणाचं कौतुक करत असणार. दुपार आणि रात्र यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सेवानिवृत्त अधिकाऱ्यानं जुन्या कर्जप्रकरणांवर रडू नये. तो अर्ज आज समोर आला तरी नियमानं मी तो मंजूर करू शकणार नाही. रेडिओतला वेळ आणि ठेवीदारांचा पैसा यांत फरक आहे, तेही मला कळतं. पण पील पैसे वाटत नव्हता. तो आधी ऐकून घेत होता आणि नंतर हो किंवा नाही म्हणत होता. नाही म्हटलेल्यांची संख्या हो म्हटलेल्यांपेक्षा किती तरी मोठी असणार. मागच्या अंगणातली ती दहा मिनिटं मला कुठल्याही परिपत्रकानं मना केलेली नव्हती. नामंजूरच करायचं होतं, तर निदान ऐकून करायला हवं होतं.